डिकीचा टॉर्शन रॉड: ‘पक्कड घ्या, एक खाच पुढे टाका’ हा सल्ला कुठे चुकतो

सेडान गाड्यांच्या मालकांमध्ये एक सल्ला जोरात फिरतो. त्याचा सारांश असा: डिकीचं झाकण वर राहत नसेल तर स्प्रिंग ढिली झाली. पार्सल ट्रेच्या (मागच्या सीटमागच्या फळीच्या) खाली दिसणारा रॉड पक्कडने धरा, वरच्या खाचेत टाका, एका बाजूचा केला तरी चालेल. झाकण बटण दाबताच सताड उघडलं की काम फत्ते. गॅसचे शॉक (झाकण उचलून धरणारी गॅसभरली नळकांडी) असतील तर डब्ल्यूडी-४० हा वंगणाचा फवारा मारा. पाच मिनिटं, खर्च शून्य.

खाच बदलता येते, एवढं खरं. बाकीचं एकेक करून पाहू.

‘स्प्रिंग ढिली झाली.’ सिव्हिक, कोरोला यांसारख्या सेडानमध्ये झाकणाला वाकड्या हातांच्या दोन बिजागऱ्या असतात आणि त्यांना उचलणारे दोन पोलादी रॉड आडवे, एकमेकांना छेदून बसवलेले असतात. हेच टॉर्शन रॉड. रॉडला पीळ बसलेला असतो, तोच झाकण वर ढकलतो. रॉडचं वळवलेलं टोक ओळीतल्या अनेक खाचांपैकी एकीत अडकवलेलं असतं; खाच बदलली की पीळ बदलतो. हे पोलाद चार-पाच वर्षांत मऊ पडत नाही. झाकण एकाएकी पडायला लागलं असेल तर आधी हे बघा: रॉडचं टोक खाचेतून निसटलंय का, बिजागरीकडची कडी किंवा प्लॅस्टिकची क्लिप तुटलीय का, झाकणावर नंतर स्पॉयलर (कडेवरची पंखासारखी पट्टी) बसवलाय का. मागून ठोकलेली गाडी डेंटरकडून परत आली असेल तर हमखास दोन्ही बाजूंच्या खाचा मोजा. रंगासाठी झाकण उतरवताना रॉड काढतात आणि बसवताना सोप्या, म्हणजे सर्वांत सैल खाचेत टाकून मोकळे होतात. रॉडला पिशव्या अडकवणं, अॅम्प्लिफायरच्या वायरी बांधणं हेही प्रकार चालतात. ते आधी काढा.

स्पॉयलरचं गणित समजून घेण्यासारखं आहे. समजा रॉड ७ मिमी जाड, १ मीटर लांब आणि दोन खाचांमध्ये १० अंशांचं अंतर. एका खाचेने एका रॉडचा जोर साधारण ३.२ न्यूटन-मीटर (पिळण्याच्या जोराचं एकक) वाढतो. दोन्ही रॉड एकेक खाच पुढे घेतले आणि झाकणाची कड बिजागरीपासून ८० सेंमीवर असली, तर कडेला आधार वाढला जेमतेम ८०० ग्रॅम. दोन किलोचा स्पॉयलर नेमका त्याच कडेवर बसतो. म्हणजे अडीच खाचा हव्यात, आणि तेवढ्या शिल्लक असतीलच असं नाही. तिथे हलका स्पॉयलर किंवा जास्त जाडीचा रॉड हेच उपाय. रॉडचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो, त्यामुळे ६ मिमीच्या जागी ७ मिमी आला तर जोर जवळजवळ पावणेदोन-दोन पट होतो. म्हणून ‘दिसायला सारखाच’ रॉड भंगारातून आणू नये.

‘पक्कडने धरा.’ हा सगळ्या सल्ल्यातला सर्वांत घातक भाग. झाकण १२ किलोचं आणि त्याचा भार बिजागरीपासून ४० सेंमीवर धरला, तर ते आडवं असताना प्रत्येक रॉडला सुमारे २४ न्यूटन-मीटर पेलावे लागतात. रॉडचं वळवलेलं टोक ५ सेंमीचं असेल तर खाचेवर दाब येतो जवळजवळ ५० किलोचा. झाकण पूर्ण उघडल्यावर तो कमी होतो, शून्य होत नाही. गोल, तेलकट रॉडवर पक्कडचे दात धरत नाहीत. टोक सुटलं की मनगट, दात किंवा डोळा यांच्यापैकी जे वाटेत असेल त्यावर बसतं. शिवाय नंबर प्लेटच्या दिव्याची आणि कॅमेऱ्याची वायर बिजागरीच्या हातावरूनच जाते, ती कापली जाते ते वेगळंच.

पद्धत अशी. डिकी रिकामी करा, झाकण पूर्ण उघडा आणि खाली जाड लाकडी दांडका टेकवा. एक रॉड सुटला की झाकणाचा सगळा भार दुसऱ्यावर येतो, म्हणून दांडका असला तरी दुसऱ्या माणसाने झाकण धरायचं. चष्मा आणि हातमोजे घाला. सध्याची खाच मार्करने रंगवा. रॉडच्या टोकावर घट्ट चढेल असा जाड पाइप, निदान ३० सेंमी लांब, टोकावर पूर्ण सरकवा. आपला चेहरा पाइपच्या फिरण्याच्या रेषेत ठेवू नका. टोक खाचेतून उचला, एकच खाच सरकवा, टोक तळाला बसल्याची खात्री करा आणि मगच पाइप हळू सैल करा.

‘वरच्या खाचेत टाका.’ कुठल्या गाडीच्या? काही गाड्यांत जोर वरच्या खाचेकडे वाढतो, काहींत बंपरकडे. पाइप ज्या दिशेला जास्त ताकद मागतो, ती जोर वाढण्याची दिशा. अंदाज नको, हाताला कळतं.

‘एका बाजूचा केला तरी चालेल.’ रॉड छेदून गेलेले असल्यामुळे डावीकडची खाच बहुधा उजव्या बिजागरीला उचलते, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. एका खाचेचा फरक बारीक जुळवणीसाठी ठेवता येतो. दोन-तीन खाचांचा फरक ठेवला तर झाकणाला पीळ बसतो, एका बाजूची फट रुंदावते आणि लॉक तिरकं घासतं.

‘सताड उघडलं की काम फत्ते.’ उलट. बरोबर जुळवणीत लॉक सुटल्यावर झाकण थोडंसं वर येतं, हाताने अर्ध्यापलीकडे नेलं की पुढे स्वतः जातं, वर थांबतं आणि एका हाताने बंद होतं. जोर जास्त झाला की झाकण टोकाला आपटतं, बंद करताना लोक धाडकन मारतात आणि बिजागरीचे बोल्ट हलतात. बंद डिकी खडखडत असेल तर त्याचा रॉडशी संबंधच नाही. झाकणाखालचे रबरी बफर अर्धा-अर्धा फेरा उंच करून बघा, नंतर लॉकच्या कडीची जागा.

‘गॅसच्या शॉकला डब्ल्यूडी-४०.’ हॅचबॅकच्या या नळकांड्यांत उच्च दाबाचा नायट्रोजन असतो. गॅस सीलमधून गेला की वरून फवारून परत येत नाही. भोक पाडून भरण्याचे व्हिडिओ तर बघूच नका; भरलेला शॉक कापणं किंवा तापवणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. फक्त थंडीच्या सकाळी झाकण उतरत असेल तर तो बिघाडच असेल असं नाही: ३५ अंशांवरून १० अंशांवर आलं की गॅसचा जोर साधारण ८ टक्के घटतो. नवीन घेताना नळकांड्यावर छापलेला न्यूटनचा आकडा आणि पूर्ण उघडलेली लांबी दोन्ही जुळवा, जोडीने बदला, आणि डिकी बंद असताना बारीक दांडी खाली राहील असा बसवा, म्हणजे आतलं तेल सीलवर टिकतं. उतरवताना शॉकच्या टोकाच्या गोळीवरची (बॉल जॉइंटवरची) तारेची क्लिप बारीक पेचकसाने थोडी उचलली तरी पुरते. पूर्ण उपटली तर ती उडून गवतात जाते आणि मग शोधत बसावं लागतं.