मोबाईल दाखवला नाही म्हणून जेल? हा मेसेज पुढे पाठवू नका

'नव्या कायद्यानुसार नाकाबंदीत पोलीस कोणाचाही मोबाईल तपासू शकतात, अंगझडती घेऊ शकतात. नकार दिला तर सरकारी कामात अडथळा, थेट जेल. निर्दोष माणसाला भीती कसली? आणि पोलिसांविरुद्ध तक्रार करून उपयोग नाही.' आमच्या घरच्या ग्रुपवर हे फिरलं. ते खरं मानून पुतण्यानं नाक्यावर मोबाईल अनलॉक करून हातात दिला. हवालदार त्याच्या मैत्रिणीचे फोटो चाळत राहिला आणि हा बाजूला मान खाली घालून उभा. म्हणून लिहितोय.

आधी 'अडथळ्या'चं, कारण याच धाकानं पोरं गप्प बसतात. भारतीय न्याय संहितेचं (जुन्या आयपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १३२ लावायला अंगावर धावून जाणं किंवा बळाचा वापर लागतो. 'कशासाठी? कोणत्या कलमाखाली?' एवढं विचारणं हा हल्ला होत नाही. उलट महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम १४७ वाचा. विनाकारण, त्रास देण्यासाठी कोणाला अडकवून ठेवणाऱ्या किंवा झडती घेणाऱ्या पोलिसालाच सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आपल्याच राज्याचा कायदा आहे हा, सत्तर वर्षांहून जुना. मेसेज ढकलणाऱ्यांपैकी कोणी तो उघडून तरी पाहिला का?

मोबाईलबद्दल थोडं तथ्य आहे, मान्य. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ९४ मध्ये अशी उपकरणं आली आहेत. पण त्यासाठी ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो, तोही तपासाच्या कामासाठी. रस्त्यावरचं 'चॅट दाखव रे' त्यात बसत नाही. लायसन्सचं वेगळं, गणवेशातल्या पोलिसानं मागितलं की दाखवायचंच.

ड्रग्जच्या संशयावरून अंगझडती घ्यायची, तर राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर ती मागण्याचा हक्क आहे, हे आधी सांगणं पोलिसांवर बंधनकारक आहे. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ते स्पष्ट केलं. बाईची झडती बाईच घेणार.

'निर्दोषाला भीती कसली' म्हणणाऱ्यांनी मुंबईतल्या कालिनाचं प्रकरण आठवावं. ३० ऑगस्ट २०२४ ला झडती घेताना पोलीस एका माणसाच्या खिशात काहीतरी सरकवताना सीसीटीव्हीत दिसला. खार पोलीस ठाण्याचे चौघे निलंबित झाले. कॅमेरा नसता तर त्या माणसाचं काय झालं असतं?

राहिली तक्रार. वेळ खाते, खरं आहे. तरी पोलीस सुधारणांबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या प्रकाश सिंह निकालानंतर आपल्याकडे पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं पोलीस तक्रार प्राधिकरण आलं आहे. अर्जात तारीख, वेळ, नाक्याची नेमकी जागा आणि पोलिसाच्या छातीवरच्या पट्टीवरचं नाव लिहा. पोचपावती घेतल्याशिवाय निघू नका.