चौदाव्या वर्षीच मुलांचा निकाल लावणारा तो फॉरवर्ड

परवा रात्री साडेअकराला धाकट्या बहिणीचा मेसेज आला. ‘दादा, हे खरं आहे का? खरं असेल तर पोराचं मैदान बंद करून सरळ क्लासला घालते.’ खाली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तो फॉरवर्ड. महिन्याभरात माझ्याकडे तो चार वेगवेगळ्या ग्रुपवरून आलाय: ‘एनबीएचे संघ तरुण खेळाडूची कुवत कशी ओळखतात? ६ खुणा. तुमच्या मुलात यातल्या ४ नसतील तर वेळ घालवू नका.’ (एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग.)

आतापर्यंत मी तो पुढे न पाठवता सोडून देत होतो. काल परळला तिच्या घरी गेलो आणि भाच्याच्या खोलीतली भिंत पाहिली. पाठ भिंतीला टेकून, दोन्ही हात पसरून त्याने बोटांच्या टोकांशी पेन्सिलीने रेघा मारल्यात. तीन वेगवेगळ्या तारखा. खाली आईची शिवणाची टेप पडलेली. ‘मामा, माझे हात उंचीपेक्षा अर्धा इंच आखूड आहेत,’ म्हणाला. वय १४, उंची ५ फूट ४ इंच. तेव्हा ठरवलं की याला नीट उत्तर द्यायचंच.

पहिली खूण: ‘१४व्या वर्षी ५ फूट १० इंच उंची आणि उंचीपेक्षा लांब हात नसतील तर सोडा.’ यातलं अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. बास्केटबॉलमध्ये लांब हात म्हणजे भांडवल. शॉट अडवायला, पास मधेच तोडायला ते लागतातच, आणि एनबीएतल्या बहुतेक खेळाडूंचे हात त्यांच्या उंचीपेक्षा लांब असतात. पण ती मापं वाढ पूर्ण झालेल्या माणसांची आहेत. ती चौदा वर्षांच्या पोराला लावणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. या वयात एकाला मिसरूड फुटलेली असते आणि दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. दोघांचं जन्मवर्ष एकच, पण शरीराच्या वयात दोन-तीन वर्षांचं अंतर. एनबीएतला अँथनी डेव्हिस शाळेत सहा फुटांच्या आसपासचा गार्ड (चेंडू पुढे नेणारा, सहसा बुटका खेळाडू) होता, शाळा संपेपर्यंत ६ फूट १० इंच झाला आणि २०१२च्या ड्राफ्टमध्ये (एनबीएचे संघ दरवर्षी नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्यात) पहिला निवडला गेला. बुटका असताना शिकलेलं ड्रिबलिंग उंच झाल्यावर त्याच्या कामी आलं. हा फॉरवर्ड तेव्हा त्याच्या आईने वाचला असता तर?

नुकसान नेमकं कसं होतं ते मी नागपाड्याच्या कोर्टवर स्वतः खेळत होतो तेव्हापासून बघतोय. लवकर वाढलेला मुलगा खांद्याच्या जोरावर आत घुसतो, बास्केट करतो, कोच त्याला चौदा वर्षांखालच्या संघात घेतो. उशिरा वाढणारा बाकावर. मग सराव पहिल्याला, सामने पहिल्याला, कोचचं लक्षही पहिल्याला. सतराव्या वर्षी दुसऱ्याची उंची येते, पण तोवर तो खेळ सोडून गेलेला असतो. आणि लोक म्हणतात, बघा, त्याच्यात काही नव्हतंच.

दुसरी खूण याहून वाईट: ‘१२व्या वर्षापासून बाकी सगळे खेळ बंद, फक्त बास्केटबॉल, रोज ४ तास. जो लवकर चमकतो तोच प्रो होतो.’ याला माझ्याकडे भक्कम संदर्भ आहे. ग्युलिश, मॅकनमारा आणि हॅम्ब्रिक या संशोधकांनी ५१ अभ्यास एकत्र करून ६,०९६ खेळाडूंची माहिती तपासली. त्यातले ७७२ जागतिक दर्जाचे. निष्कर्ष फॉरवर्डच्या बरोबर उलटा निघाला. जागतिक पातळीवर पोचलेले खेळाडू राष्ट्रीय पातळीवर थांबलेल्यांपेक्षा लहानपणी जास्त खेळ खेळले होते, आपल्या मुख्य खेळाकडे उशिरा वळले होते आणि सुरुवातीला त्यांची प्रगतीही संथ होती. खुद्द एनबीए आणि यूएसए बास्केटबॉलने २०१६ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत १४ वर्षांच्या आत एकाच खेळाला जुंपू नका असं म्हटलंय. ज्या एनबीएचं नाव घेऊन हा मजकूर फिरतोय, तीच एनबीए. बारा वर्षांच्या मुलाचे गुडघे आणि टाचा रोज चार तास सिमेंटच्या कोर्टवर आपटायला सांगणाऱ्याने आधी एकदा ऑर्थोपेडिककडे रांगेत बसून बघावं.

‘ड्राफ्टचा नंबर म्हणजे नशीब’ आणि ‘उडी व ताकदीच्या चाचणीत कळतं’ या दोन खुणा एका परिच्छेदात संपतात. निकोला योकिच २०१४ साली ४१वा निवडला गेला, उडी बेताचीच, पुढे तीनदा एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) आणि २०२३चं विजेतेपद. पुढे दिग्गज ठरलेल्या केव्हिन ड्युरंटला २००७च्या चाचणीत १८५ पौंडांचा बार एकदाही उचलता आला नव्हता.

पाचवी खूण मात्र नीट बघायला हवी, कारण ती अभ्यासपूर्ण वाटते: ‘पहिल्या मोसमातले गुण पाहा, संघाला तिथेच कळतं.’ २०१३च्या ड्राफ्टमधला मायकल कार्टर-विल्यम्स पहिल्या वर्षी सरासरी १६.७ गुण करून सर्वोत्तम नवोदित ठरला. त्याच ड्राफ्टमधला यानिस अँटेटोकुम्पो १५वा निवडलेला, आदल्या वर्षी ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. त्याची पहिल्या मोसमातली सरासरी ६.८. पुढच्याच मोसमात कार्टर-विल्यम्स यानिसच्याच संघात, मिलवॉकीत आला. १६.७ची सरासरी त्याला पुन्हा कधी गाठता आली नाही. यानिस वर्षागणिक १२.७, १६.९, २२.९ असा चढत गेला, २०१९ आणि २०२०चा एमव्हीपी झाला आणि २०२१च्या अंतिम मालिकेतल्या शेवटच्या सामन्यात त्याने ५० गुण केले. कमकुवत संघात चेंडू सतत हातात असला की गुण होतात. जाणकार बघतात ते वेगळंच: यंदा जे येत नव्हतं ते पुढच्या वर्षी येतंय का, चेंडू हातात नसताना पोरगा कुठे उभा राहतो, चूक झाल्यावर बचावासाठी मागे धावतो की हात झटकत उभा राहतो. म्हणूनच ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो, पहिली दोन पक्की आणि पुढची दोन संघाच्या मर्जीवर. पहिल्या मोसमात सगळं कळत असतं तर दुसरं वर्ष कोणी पक्कं केलं असतं?

शेवटची खूण वाचून डोकं फिरलं: ‘भारतीय शरीर या खेळाचं नाही, सतनाम सिंगचं काय झालं बघा.’ सतनाम २०१५ साली डॅलसच्या संघाने ५२वा निवडला आणि एनबीएचा एकही सामना खेळू शकला नाही, हे खरं. पण त्याची उंची ७ फूट २ इंच. म्हणजे पहिल्या खुणेप्रमाणे तो सर्वात यशस्वी व्हायला हवा होता. लिहिणाऱ्याने स्वतःचीच यादी वरपासून खालपर्यंत वाचलेली नाही. ऑक्टोबर २०१९मध्ये वरळीच्या डोममध्ये इंडियाना आणि सॅक्रामेंटो हे एनबीएचे संघ खेळले, तेव्हा पहिल्या सामन्याला स्टँडमध्ये शाळेची मुलंच मुलं होती. त्यांना आपण हे वाचायला देणार?

माझा भाचा एनबीएत जाईल असं मी म्हणत नाही, बहुधा नाहीच जाणार. पण काल संध्याकाळी त्याच्या मैदानावर तासभर उभा होतो. समोरच्याने मान वळवायच्या आत त्याचा पास निघतो. गेल्या पावसाळ्यात डाव्या हाताने त्याचा ले-अप (बास्केटजवळ जाऊन टाकलेला चेंडू) बोर्डलाही लागत नव्हता, काल दहातले सहा पडले.

बहिणीला एवढंच लिहिलं: ‘मैदान बंद करू नकोस. टेप शिवणाच्या डब्यात परत ठेव. आणि हा फॉरवर्ड जिने पाठवला तिला माझं उत्तर पाठव, तिची मुलगीही तिथेच खेळते.’