हिवाळी पाहुणे फीडरवर येत नाहीत

थंडी सुरू झाली की परसदारी टांगलेल्या फीडरची छायाचित्रे सगळीकडे दिसू लागतात आणि त्याखाली "आले आमचे हिवाळी पाहुणे" असे हौसेने लिहिलेले असते. छायाचित्रात मात्र बहुधा चिमण्या, होले आणि मुनिया असतात, म्हणजे बारा महिने इथेच राहणारी घरची मंडळी. हे म्हणणे खडूसपणाचे वाटेल याची कल्पना आहे. पण स्वतः सहा हिवाळे फीडर सांभाळल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, हिवाळी पक्षी पाहायचे असतील तर दाणे घालण्याचा उपयोग फारच थोडा.

उत्तरेकडून येऊन आपल्या बागांत उतरणारे बहुतेक लहान पक्षी किडे-अळ्यांवर जगतात. थिरथिरा फीडरकडे ढुंकूनही पाहत नाही. तो येतो ते झाडायचा राहून गेलेल्या पाचोळ्यासाठी. कुंपणाच्या खांबावर बसून शेपटी सारखी थरथरवत राहतो, मध्येच जमिनीवर झेपावतो, किडा टिपतो आणि पुन्हा त्याच खांबावर येऊन बसतो. वटवट्या तर दिसण्याआधी ऐकूच येतो आणि पानांआड किडे वेचताना पाच मिनिटांत दोनदा दिसला तरी नशीब समजावे. (भोरड्यांसारखे धान्यावर तुटून पडणारे पाहुणेही आहेत, पण त्यांच्या थव्याला आपले वाडगाभर दाणे कुठे पुरायचे?) म्हणून मी बागेचा एक कोपरा मुद्दाम झाडत नाही आणि तिथे पाण्याची एक उथळ थाळी ठेवतो. दाण्यांनी जे पक्षी कधी आले नाहीत, ते या दोन गोष्टींनी आले.

फीडरबद्दलची माझी दुसरी तक्रार स्वतःविरुद्धच आहे. एका जानेवारीत एक होला पिसे फुगवून दोन दिवस फीडरखाली बसून होता. दाणा उचलायचा आणि चोचीतून पुन्हा सांडायचा. तिसऱ्या दिवशी तो मेलेला सापडला. फीडर उघडून पाहिला, तर तळाशी ओल्या दाण्यांचा बुरशी आलेला थर होता. ब्रिटनमध्ये 2005 पासून ट्रायकोमोनास या परजीवीच्या साथीने ग्रीनफिंच पक्ष्यांची संख्या प्रचंड घटली आणि एकाच ठिकाणी गर्दीने खाणे-पिणे हे या रोगाच्या प्रसाराचे एक कारण मानले जाते. ज्यांना दर आठवड्याला फीडर घासून, पूर्ण वाळवून पुन्हा भरणे जमत नसेल, त्यांनी तो टांगूच नये, असे मला स्पष्टपणे वाटते.

खरा हिवाळा पाहायचा तर जवळच्या तळ्यावर जावे, तेही एकदा नव्हे, तर दर आठवड्याला. ऑक्टोबरात थापट्या बदके येतात तेव्हा नरही मादीसारखेच मळकट तपकिरी दिसतात आणि ओळख पटते ती केवळ फावड्यासारख्या रुंद चोचीने. मग आठवड्यामागून आठवडे नराचे डोके हिरवे होत जाते, छाती पांढरी होते, कुशीवर तांबूस रंग चढतो आणि जानेवारीत तोच पक्षी नवा कोरा दिसतो. खाताना दहा-बारा थापट्या एकामागोमाग गोल फिरतात. पुढच्याच्या पायांनी ढवळून वर आलेले सूक्ष्म जीव मागचा आपल्या चोचीच्या कंगव्यासारख्या कडांतून गाळून घेतो. हा खेळ तासभर पाहत बसावा असा असतो. अशा वेळी कोणी प्रेमाने ब्रेडचे तुकडे फेकतो, तेव्हा मला खरोखर राग येतो. रानबदके बिचकून दूर सरकतात आणि ब्रेड काठाशी कुजत राहतो.

ज्यांना नोंदी ठेवण्याची आवड आहे, त्यांच्यासाठी दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. ती 1987 पासून चालू आहे आणि तिच्यासाठी दुर्बीण, वही आणि भल्या पहाटे उठण्याची तयारी एवढे पुरते.

माझा फीडर यंदा धुऊन रिकामाच टांगून ठेवला आहे. त्याच्या दांडीवर रोज सकाळी थिरथिरा येऊन बसतो आणि तिथूनच खालच्या पाचोळ्यावर नजर ठेवतो.