कूलर बदलला म्हणून प्रोसेसर जळत नाही

‘कूलर बदलल्यावर पीसी सुरू झाला नाही तर प्रोसेसर जळाला समजा. पेस्ट जास्त झाली की शॉर्ट होतो. स्क्रू पूर्ण ताकदीने आवळा. तरीही चालला नाही तर मदरबोर्ड बदला.’ हा मेसेज सगळीकडे फिरतोय. तो वाचून लोक धडधाकट प्रोसेसर भंगारात काढायला निघतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो. कूलर म्हणजे प्रोसेसरवर बसवलेला, त्याला थंड ठेवणारा पंखा आणि धातूचा ठोकळा; पेस्ट म्हणजे त्या दोघांमध्ये लावायचा, उष्णता पुढे नेणारा लेप.

आधी जळण्याचं. प्रोसेसरच्या आतच तापमान मोजणारे सेन्सर असतात. तापला की तो वेग कमी करतो, आणि तेवढ्याने भागलं नाही तर मशीन बंद पाडतो. कूलर नीट टेकला नसेल किंवा तळाची प्लास्टिकची फिल्म काढायची राहिली असेल, तर पीसी सहसा सुरू होतो, थोडा चालतो आणि बंद पडतो. पंखे फिरताहेत पण स्क्रीन पहिल्यापासून काळी, याचं कारण बहुधा दुसरंच असतं.

काम करताना हात कुठेकुठे लागला ते आठवा. प्रोसेसरची वेगळी आठ पिनांची पॉवर केबल बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात, कूलरला खेटूनच असते. जागा हवी म्हणून ती काढतो आणि लावायला विसरतो. रॅमही शेजारीच, धक्क्याने एक टोक जरासं वर आलं तरी डिस्प्ले जातो. काढून, टक् आवाज येईपर्यंत पुन्हा बसवा. पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या पिनांवरच लावा, नाहीतर बरेच बोर्ड एरर दाखवून तिथेच थांबतात.

एएमडीचं एएम४ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) असेल तर मात्र धोका खरा आहे. तिथे १३३१ पिना प्रोसेसरच्याच पोटाला असतात. जुनी पेस्ट सुकून घट्ट झालेली असते, आणि कूलर सरळ वर ओढला की लॉक लावलेलं असूनही प्रोसेसर त्याला चिकटून उपटून येतो. माझ्या हातात तो असाच आला होता, कोपऱ्यातल्या दोन पिना आडव्या झालेल्या. शिसं काढलेल्या मेकॅनिकल पेन्सिलीच्या पोकळ टोकात एकेक पिन घेऊन हळूहळू सरळ केली. मशीन चालू झालं. तेव्हापासून आधी पीसी थोडा वेळ चालवून पेस्ट गरम करतो, बंद करून प्लग काढतो, मग कूलर डावीउजवीकडे फिरवत सोडवतो.

पेस्टने शॉर्ट? नेहमीच्या पेस्टमधून वीज वाहत नाही. लिक्विड मेटलमधून, म्हणजे पेस्टऐवजी काहीजण लावतात त्या द्रवरूप धातूतून, वाहते; तिथे जपा.

ताकदीने आवळण्याचा सल्ला तर उलटा नडतो. रॅमचा कंट्रोलर आता प्रोसेसरच्या आत असतो. एका बाजूला दाब जास्त पडला की सॉकेटचे काही संपर्क नीट टेकत नाहीत, एखादा रॅम स्लॉट दिसेनासा होतो आणि दोष रॅमवर जातो. समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे फिरवा. अडले की थांबा.

बोर्ड बदलायचा विचार सगळ्यात शेवटी. त्याआधी बोर्डावरचे छोटे दिवे बघा: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (सिस्टीम सुरू होणं) यांपैकी कुठला पेटून राहतो? एकच रॅम ठेवून बघा. प्लग काढून सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बोर्डाने साठवलेली सेटिंग पुसा. एएमडीचा नवा एएम५ बोर्ड त्यानंतर मेमरी ट्रेनिंग करतो, म्हणजे रॅमशी जुळवून घेतो, आणि काही मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते. तेवढा वेळ बटणाला हात लावू नका. मध्येच बंद केलंत तर ते ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.