‘खुर्चीत बसून’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार. ‘मुलाचा मार्गदर्शक व्हायचं तर निदान वर्षभर द्या’ या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, “खुर्चीत बसून अटी घालणं सोपं असतं. तीन महिने तर तीन महिने, पोराला कोणी भेटलं हे काय कमी आहे? अशा अटींनी माणसं पळतात. वर दाखले सगळे अमेरिकेचे.”

मतभेद असू द्या, पण ही काय भाषा झाली? मी खुर्चीत बसतो हे तुम्हाला कुणी सांगितलं? महापालिका शाळेतल्या मुलांसोबत माझे शनिवार जातात, तेही वर्षानुवर्षं. पहिला मुलगा आठवीतला. ‘हो’ आणि ‘नाही’ यापुढे बोलेना. कॅरम खेळायचा, तोही मान खाली घालून. एकदा गणितासाठी कोरी वही मागितली, तर दप्तराच्या तळातून त्यानं एक काढली. पहिल्या पानावर आधीच्या ‘दादा’चं, म्हणजे माझ्याआधीच्या मार्गदर्शकाचं, अक्षर: “मन लावून शीक, मी आहेच.” हा दादा दिवाळीनंतर फिरकलाच नव्हता. वही पुढे कोरी. पोरगं ती वापरेना आणि टाकूनही देईना. मी पुढच्या शनिवारी खरंच येतो, एवढं त्याला पटायलाच कित्येक महिने गेले. अभ्यासाचं नाव त्यानंतर. हे खुर्चीत बसून कळत नाही, साहेब.

दाखले अमेरिकेचे, हे मान्य. ‘बिग ब्रदर्स’ची, म्हणजे एकेका मुलाला एक मोठा माणूस सोबती म्हणून जोडून देणारी, चळवळ न्यूयॉर्कमध्ये १९०४ साली सुरू झाली, म्हणून तिथे अभ्यास झाले. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं, की मार्गदर्शक आणि मूल यांच्या वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांतल्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांत मात्र ‘मी काही लायकीचा आहे’ ही मुलांची भावना उलट घटली. म्हणजे तुमचे ‘तीन महिने तर तीन महिने’ फुकट जात नाहीत, ते मुलाला महागात पडतात. का न्यूयॉर्कच्या पोराला लागतं आणि येरवड्याच्या पोराला लागत नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?

माणसं पळतात म्हणता, तर पळू द्या. पहिल्याच दिवशी पळालेली बरी.



तीनच महिने मोकळे असाल तर वाचनालय लावून द्या, सुट्टीत विज्ञानाचे प्रयोग घ्या, दहावीच्या मुलांचे पेपर तपासा. शाळा दारात उभं करून घेतील. फक्त एकट्या मुलाचा ‘दादा’ म्हणून जाऊ नका. आणि पुढची प्रतिक्रिया नावानिशी लिहा.