उलट्या होणाऱ्या बाळाचं पाणी तोडू नका

‘लेकराला उलट्या सुरू झाल्या की 12 तास पोटात पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका, मोठ्यांची उलटीची गोळी अर्धी करून द्या’ असा मेसेज सध्या नागपुरात महाल-नंदनवनकडच्या ग्रुपांवर फिरतोय. दोन्ही सल्ले चूक आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेची सूचना नेमकी उलट आहे: उलटी झाली तर 10 मिनिटं थांबा, मग ओआरएस (पुडीतलं मीठ-साखरेचं मिश्रण घातलेलं पाणी) पुन्हा द्या, फक्त आणखी सावकाश. दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. तहानलेलं मूल गटागटा प्यायला बघतं आणि सगळं बाहेर येतं. तिथेच आई घाबरते. अंगावरचं दूध चालूच ठेवा. पुडीवर लिहिलंय तेवढंच पाणी घाला, अंदाजाने नको.

गोळीचं म्हणाल तर मेटोक्लोप्रामाइड या उलटीच्या औषधाने लहान मुलांची मान, डोळे वाकडे होऊ शकतात. ऑन्डान्सेट्रॉन हे उलटीचं दुसरं औषध डॉक्टर देतात, पण वजन बघून.

हिरवी किंवा रक्ताची उलटी, सहा-आठ तास लघवी नाही, मूल सुस्त, डोळे खोल गेलेले: मग चमचा मोजत बसू नका, मेयो किंवा मेडिकल हॉस्पिटल, जे जवळ असेल ते गाठा. आपल्याकडच्या मे महिन्यात तर अंगातलं पाणी फार लवकर आटतं.

तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्यांनी पाठवला त्यांना हे पाठवा, न रागावता.