भाव बसला, गाडीही बसली

इंग्लंडात नोकरीला गेलेल्या मराठी माणसाला पहिल्या हिवाळ्यात जी दुखणी जडतात, त्यांतलं एक म्हणजे रात्री पांघरुणात जुन्या जॅग्वारच्या जाहिराती बघणं. 2003 साली पन्नास हजार पौंडांच्या आसपास असलेली एक्सजे, म्हणजे जॅग्वारची मोठी सेडान, बॉडी अख्खी ॲल्युमिनियमची, आत चामडं आणि अक्रोडाचं लाकूड. आज मागतात तीन-चार हजार. शिवाय 2008 पासून कंपनी टाटांची, म्हणजे घरचंच कार्य.

भाव एवढा पडतो कारण नव्या गाडीचा पहिला धनी बहुधा एखादी कंपनी असते. तीन वर्षांनी ती गाडी सोडून देते. दुसऱ्याला वॉरंटी संपल्याची धास्ती, तिसऱ्याला दुसऱ्यानं का विकली याची. पण भाव पडल्याची बातमी सुट्या भागांपर्यंत पोचतच नाही. चार हजारांच्या गाडीचा स्ट्रट, म्हणजे चाकावर गाडी तोलणारा खांब, पन्नास हजारांच्या गाडीच्याच तोऱ्यात येतो.

2003 च्या या एक्सजेच्या पिढीला स्ट्रटमध्ये स्प्रिंगांऐवजी हवेचे फुगे आहेत. म्हणून मी म्हणतो, गाडी बघायला जाताना टेप न्या. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत चारही बाजूंना मापं घ्या आणि रात्रभर उभी राहिल्यावर पुन्हा घ्या. पुढचा एक कोपरा गुडघा टेकून बसला असेल, तर तिथला स्ट्रट गळतोय. वरच्या टोकाला साबणाचं पाणी मारलं की बुडबुडे येतात. गळती भरून काढायला हवा भरणारा पंप, म्हणजे कॉम्प्रेसर, बिचारा सतत राबतो आणि शेवटी जळतो. मग मालक काय करतो? नुसता कॉम्प्रेसर बदलतो! गळती तशीच, त्यामुळे नवाही त्याच वाटेनं जातो. आधी स्ट्रट, मग कॉम्प्रेसर, हा क्रम चुकवू नका.

डॅशबोर्डवर एकाच वेळी गिअरबॉक्स, ब्रेक आणि सस्पेन्शन यांच्या नावानं शंख सुरू झाला, तर घाबरण्याआधी बॅटरी तपासा. व्होल्टेज पडलं की या गाडीला सगळे रोग एकदम झाल्याचा भास होतो. त्या बाबतीत ती आपल्या कुठल्याही मावशीला हार जाणार नाही.

त्याआधीची, 1997 ते 2003 ची, आठ सिलिंडरच्या व्ही-8 इंजिनाची एक्सजे दिसायला जास्त देखणी, असं माझं ठाम मत. पण तिच्या सुरुवातीच्या इंजिनांत टायमिंग चेनचे, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवणाऱ्या साखळीचे, वरचे दोन टेन्शनर (साखळी ताणून धरणारे भाग) प्लास्टिकच्या अंगाचे आहेत. ते तडकतात, चेन दात सोडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. तिथे इंजिनाचा कारभार आटोपला. विकणारा मोठ्या प्रेमानं ‘इंजिन गरम करून ठेवलंय’ म्हणाला, तर चहा घ्या आणि ते गार होईपर्यंत बसा. थंड इंजिन सुरू करताना खडखड ऐकू आली की समजून जा. इंजिनावरचं झाकण, म्हणजे कॅमकव्हर, उघडून बघितल्याशिवाय व्यवहार नको. आत धातूच्या अंगाचे नवे टेन्शनर दिसले, तर आधीचा मालक शहाणा होता. बदलताना चेन दात सोडू नये म्हणून कित्येक जण ती चक्राला चक्क प्लास्टिकच्या झिप-टायनं बांधतात.

त्याहून जुन्या, 1968 ला सुरू झालेल्या एक्सजेचे मागचे ब्रेक चाकापाशी नसून आत डिफरन्शियलला, म्हणजे दोन मागच्या चाकांमधल्या गिअरच्या पेटीला, चिकटलेले. डिस्क बदलायची तर बहुधा अख्खा मागचा सांगाडाच खाली उतरवावा लागतो. मेकॅनिक पैसे आधी का मागतो, ते तिथे कळतं.

कुणी म्हणेल, मग रोल्स-रॉइसच घेऊ. 1965 ते 1980 च्या सिल्व्हर शॅडोला ब्रेकचं खास द्रव लागतं आणि तिच्यानंतरच्या सिल्व्हर स्पिरिटला खनिज तेल. एकीचं दुसरीत ओतलं की रबरी सीलं कामातून जातात, आणि चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला हा हिशोब कोंबडीला फारच स्वस्तात सोडतो.

तरीही घ्यायचीच असेल, तर 2003 च्या पिढीतली गाडी 23 मार्च 2006 च्या आधी नोंदलेली बघा. त्या तारखेपासून नोंदलेल्या जास्त धुराच्या, म्हणजे जास्त कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या, गाड्यांना रोड टॅक्सचे वरचे पट्टे लागू होतात. इंजिन तेच, धूर तोच, एका दिवसानं वर्षाचा टॅक्स शेकडो पौंडांनी चढतो.